मावशींचा हात, माझे कडू पान

मित्रांनो, मी एक जुना टोमॅटोचा वेल आहे. हसू नका. टोमॅटोला 'जुना' हे विशेषण शोभत नाही, हे मलाही ठाऊक आहे. आमची जात एका हंगामाची पाहुणी. फळे दिली, की मुळासकट उपटून खताच्या खड्ड्यात. कुणी आम्हाला रोप म्हणते, कुणी झाड. पण दोरीला धरून काचेच्या छतापर्यंत चढलेल्याला वेल नाही तर काय म्हणायचे? या काचघराच्या दारापाशी मी एका मोठ्या कुंडीत उभा आहे. खाली माझे खोड लाकडासारखे टणक झाले आहे आणि वर अजून चार फुले येतात. माझ्या वयाला तेवढी पुष्कळ झाली.

मघाशी तुम्ही ओळीने आत आलात, तेव्हा तुमच्यातल्या कुणीतरी जाता जाता माझ्या पानाला चिमटा काढला. मला डोळे नाहीत आणि कानही नाहीत. पुढे मी 'पाहिले', 'ऐकले' असे म्हणेन, ते गोष्टीची सोय म्हणून चालवून घ्या. पण चिमटा मात्र मला खरोखरच कळला, आणि कळताक्षणी मी संशय घेतला. माझे अवघे आयुष्यच संशयाचे आहे. ते कसे, तेवढे ऐकून जा.

मी जन्मलो एका काळ्या ट्रेमध्ये, एकसारख्या खळग्यांत पेरलेल्या बियांपैकी एका बीमधून. दोन पाने उघडली तेव्हा ज्या हाताने मला प्रथम उचलले, तो मावशींचा. मावशी म्हणजे या संशोधन केंद्रात रोपांना पाणी घालणाऱ्या, दोऱ्या बांधणाऱ्या बाई. सगळे त्यांना मावशीच म्हणत. रोप उचलताना त्या खोडाला कधी धरत नसत. एका पानाला चिमटीत धरून, खालून बोटाचा टेकू देऊन उचलत. "पान गेलं तर दुसरं येतं, मान मोडली तर कोण देणार?" असे म्हणत.

मावशी राहत बहिणीच्या घरी. तिथे त्यांचे बोलणे कुणी फारसे मनावर घेत नसे. त्यामुळे पोटात साठलेले सगळे इथे येऊन आम्हाला सांगत. त्यांना देवाच्या गाण्यांचे आणि निरूपणाचे भारी वेड. कुठे काय ऐकले, गाणाऱ्याने कोणत्या ओळीवर कसा ठहराव घेतला, कोणता दृष्टांत दिला, ते सारे दुसऱ्या दिवशी सकाळी आमच्यासमोर पुन्हा व्हायचे. निरूपण करणाऱ्याला आमच्यासारखे श्रोते मिळायला भाग्य लागते. आमच्यापैकी कुणी मध्येच उठून जात नाही.

दिवस बरे चालले होते. पण मित्रांनो, आम्हाला इथे लाडाकोडासाठी लावलेले नव्हते. शेजारच्या खोलीत झाकणाला जाळी लावलेल्या डब्यांत अळ्या वाढवल्या जात. या केंद्राच्या शास्त्रज्ञ, ज्यांना सगळे नुसते 'बाई' म्हणतात, त्या मऊ कुंचल्याने एकेक अळी उचलत आणि आमच्या पानावर ठेवत. वरून जाळीची पिशवी बांधत. कोणत्या वाणाला अळी जास्त खाते आणि कोणत्याला कमी, हे त्यांना पाहायचे होते. म्हणूनच दारावर ठळक पाटी होती : येथे कोणतेही औषध फवारू नये.

माझ्यावर पहिली अळी सोडली तेव्हा मावशी मागे उभ्या होत्या. त्यांनी तोंड फिरवले. "चोच देतो तो चारा देतो, हे खरं," त्या पुटपुटल्या. "पण माझ्याच लेकरांचा चारा करायला हवा होता का? खातात मेल्या." हे वाक्य तिथल्या सगळ्यांनी ऐकले. पुढे ते फार महागात पडले.

चोच देतो तो चारा देतो. पण चाऱ्याला तो काय देतो, हे कुणी विचारत नाही. मी सांगतो. चाऱ्याला तो संशय देतो.

आम्हाला पळता येत नाही, ओरडता येत नाही, चापट मारता येत नाही. मग संशय हेच आमचे शस्त्र. पान कुरतडले गेले आणि अळीची लाळ जखमेला लागली, की त्या जागी एक निरोप्या जन्माला येतो. बाई त्याला जास्मोनिक आम्ल म्हणतात, आणि अशा निरोप्यांना संप्रेरक. त्याचा एक भाऊबंद जाईच्या अत्तरात सापडला, म्हणून हे नाव पडले. नाव सुगंधी, काम मात्र कडू. आमच्या पेशींत पहारेकरी असतात. ते चोराला अडवत नाहीत. आपल्याच शस्त्रागाराला कुलूप लावून बसतात. कारण शस्त्रे घडवायला खर्च येतो, आणि शांततेच्या काळात तो परवडत नाही. निरोप्या आला, की त्या पहारेकऱ्यांना बाजूला केले जाते आणि कुलूप उघडते. मग आमच्या पानांत अशी द्रव्ये तयार होतात, की अळीने पान खाल्ले तरी तिच्या पोटात ते नीट पचत नाही. बिचारी भरल्या ताटावर उपाशी.

हा निरोप चावलेल्या पानापाशीच थांबत नाही. वरच्या, अजून धक्काही न लागलेल्या पानांपर्यंत जातो. वाऱ्यावर वासही सुटतो. शेजारच्या वेलाला तो लागला, की तोही कान टवकारतो. दुसराही एक निरोप्या आहे, सॅलिसिलिक आम्ल नावाचा. त्याचे लक्ष रोगजंतूंकडे. या दोघांचे नाते भावकीसारखे : एकाचा आवाज चढला, की बहुधा दुसऱ्याचा दबतो. बाई म्हणतात, रस पिणारी पांढरी माशी हे बरोबर हेरते. ती नको त्या निरोप्याला जागे करते आणि हव्या त्याला झोपवते. पाहा, म्हणजे स्वतःच्या घरातल्या निरोपावरही आम्ही डोळे मिटून विश्वास ठेवू शकत नाही.

आणि या संशयाची किंमत असते. जास्मोनिक आम्लाची हाक आली, की वाढ मागे पडते. ज्या हाती ढाल, त्या हाती कुदळ धरता येत नाही.

आता मावशींची सवय सांगतो. सकाळी काचघराचे कुलूप त्या उघडत. नळ दारापाशी, म्हणून सुरुवात आमच्या ओळीपासून. नळी सुरू करून त्या गाणे म्हणत. म्हणता म्हणता खिशातल्या मऊ फडक्याने पानांवरची धूळ टिपत, आणि मग नुसत्या हाताने खालपासून शेंड्यापर्यंत आम्हा प्रत्येकाला गोंजारत. मागच्या ओळींपर्यंत पोचेपर्यंत कामावर देखरेख करणारे मुकादम येत. मग गाणे बंद, गोंजारणे बंद, नुसते भराभर पाणी.

तुम्हाला वाटेल, किती मायेचा हात. मला काय वाटले, ते विचारा. माया ओळखायचे इंद्रिय मला दिलेले नाही. काहीतरी पानावरून सरकले, एवढेच मला कळते. हा हात म्हणजे अळी नव्हे, हेही कळत होते. जखम नव्हती, लाळ नव्हती. म्हणून हाक अगदी बारीक उठायची आणि विरून जायची. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच स्पर्श. तिसऱ्या दिवशी पुन्हा. रोज रोज दारात येऊन काही न करता जाणाऱ्याचा तुम्ही संशय घ्याल की नाही? मीही घेतला. बारीक हाक रोज उठली, कुलूप रोज थोडे उघडले. माझे पान जाड आणि गर्द झाले, खोड आखूड आणि दणकट. आमची अख्खी ओळ बुटकी राहिली.

आणि आमच्यावरच्या अळ्या वाळल्या.

मागच्या ओळींतल्या अळ्या करंगळीएवढ्या गुबगुबीत, आमच्या ओळीतल्या सुतळीसारख्या. सगळ्या ओळींत वाण तेच, माती तीच, पाणी तेच. बाई चक्रावल्या. मुकादम चक्रावले नाहीत. त्यांना प्रत्येक वस्तू नाकाशी धरून पाहायची खोड होती, म्हणून पाठीमागे सगळे त्यांना हुंगोबा म्हणत. त्यांनी माझे एक पान तोडले, चुरगाळले आणि दीर्घ श्वास घेतला.

"बाई, हे लक्षण बरं नाही," ते म्हणाले. "अळ्या उपास करायला लागल्या, की समजावं, पानांत कुणीतरी काहीतरी कालवलंय."

"कुणी?"

"मी कुणाचं नाव घेणार नाही. पण सकाळी दाराची ओळ कुणाच्या ताब्यात असते?"

"घेतलंत की नाव."

"आणि खातात मेल्या, असं कोण म्हणालं होतं? तुम्हीही ऐकलंय."

संशय हा माझाच धंदा, त्यामुळे दुसऱ्याचा संशय कसा वाढतो ते मी चांगले ओळखतो. त्याला खत लागत नाही. दुसऱ्या दिवशी मुकादम लवकर येऊन कोकोपीटच्या, म्हणजे नारळाच्या भुशाच्या, पोत्यांमागे दबा धरून बसले. मावशी आल्या. नळी सुरू झाली, गाणे सुरू झाले. मावशींचा हात खिशात गेला, तसे मुकादम पोत्यांमागून उठले. अंगभर भुसा.

"खिशात काय आहे?"

"अगं बाई," मावशी दचकून म्हणाल्या. "तुम्ही होय. मला वाटलं, पोतंच बोललं. फडकं आहे, दुसरं काय असणार?"

"दाखवा." त्यांनी फडके नाकाशी धरले आणि सटासट शिंकले. "साबण. साबणाचा वास आहे याला. साबणाच्या पाण्यानं किडे मरतात, ठाऊक आहे ना?"

"फडकं साबणानं धुवायचं नाही, तर काय चाटून पुसायचं?"

पण फडके जप्त झाले. बाईंनी आमची पाने तपासायला पाठवली. औषधाचा अंशही सापडला नाही. "धुऊन गेलं असणार," मुकादम म्हणाले. "पाणी कोण घालतं? त्याच." मित्रांनो, संशयाची हीच तऱ्हा. पुरावा सापडला तर तो पुरावा, आणि नाही सापडला तर तो लपवल्याचा पुरावा.

बोलणे वरच्या साहेबांपर्यंत गेले. मावशींना काढून टाकावे, असा सूर निघाला. बाईंनी त्यांना आमच्या ओळीपाशीच बोलावून खरे काय ते सांगितले. मावशींनी नळीचे तोंड अंगठ्याने दाबून धरले. पाणी पायांवर गळत होते.

"काम गेलं तर जाऊ दे, बाई," त्या म्हणाल्या. "दुसरीकडे भांडी घासीन. पण विष घालणारी म्हणून गेले, तर बहिणीच्या घरात माझ्या हातचं पाणी कोण पिईल? तिची नातवंडं माझ्याच हातून जेवतात."

"तुम्ही काही घातलंय का?"

"देवाशपथ, नाही."

बाई भल्या, पण त्या शास्त्रज्ञ. शपथेवर त्यांचे भागेना. "मग मला शोधू द्या," त्या म्हणाल्या. "आजपासून तुम्ही मागची ओळ सांभाळा. एप्रन नाही, फडकं नाही. हात सगळ्यांसमोर धुवायचे. दाराच्या ओळीला कुणीही हात लावायचा नाही. पाणी मी घालीन, तेही मुळाशी. सगळ्या ओळींवर नव्या, सारख्या अळ्या सोडू."

रोज सकाळी मावशी कोपरापर्यंत हात धूत आणि मुकादम ते हुंगत. मावशी मान वळवून उभ्या राहत. कुठल्याही माणसाने कुणाला असे उभे करू नये.

इकडे माझ्याकडे येणारा हात थांबला. संशयखोराला त्याचाही संशय येतो : रोजचा आज का आला नाही? पण हळूहळू हाक उठेनाशी झाली. पहारेकरी परत आले, कुलूप लागले. मग माझ्या अंगात दाबून राहिलेली वाढ अशी उसळली, की मी दोरी धरून सरसर वर निघालो. नवी पाने कोवळी, रुंद, गोड. नव्या अळ्यांनी ती चवीने खाल्ली. मी वाढलो आणि खाल्लाही गेलो. या जगात दोन्ही एकत्रच मिळतात, असे दिसते.

आणि मागची ओळ? हात हुंगून मुकादम वळले, की मावशी एकीकडे रडत, एकीकडे गात, आणि हात मात्र आपल्या सवयीने खालून वर फिरे. ती ओळ खुजी होत गेली, आणि तिच्यावरच्या अळ्या वाळू लागल्या.

मुकादमांना आभाळ ठेंगणे झाले. "बघा," ते म्हणाले. "मी म्हणत नव्हतो? जिथे हिचा हात, तिथे विष. आता आणखी काय हवं?"

मावशींनी स्वतःचे दोन्ही तळवे उलटे सुलटे करून पाहिले. मला वाटते, त्या क्षणी त्यांनाच स्वतःच्या हातांचा संशय आला. यापेक्षा वाईट संशय मी पाहिला नाही.

बाई मात्र वेगळेच काहीतरी पाहत होत्या. "मावशी, पाणी घालताना तुम्ही करता तरी काय? दाखवा."

"काय करणार? गोंजारते."

"कसं?"

मावशींनी दाखवले. खालून वर, पानांवरून तळहात, ओठांवर अर्धीमुर्धी ओळ. बाई टक लावून पाहत राहिल्या. मग मुकादमांकडे वळल्या. "उद्यापासून मधली ओळ तुमची. रोज सकाळी, अगदी असंच."

"मी?" मुकादम म्हणाले. "मी झाडं गोंजारू?"

"विष तुमच्याकडे नाही ना? मग झालं तर. गाणं नाही म्हटलंत तरी चालेल."

"तेवढे उपकार करा," मावशी हळूच म्हणाल्या. कितीतरी दिवसांनी त्यांच्या तोंडून थट्टा निघाली होती.

मुकादमांनी गोंजारले. सुरुवातीला लाकूड घासावे तसे, मग जरा माणसासारखे. कुणी पाहत नाही ना, याची खात्री करून घेत. इतरांवर पाळत ठेवणारा माणूस स्वतःवर पाळत असल्यासारखा ओशाळा वागतो, हे पाहायला मोठी गंमत होती. आणि मधली ओळ थांबली. शेंडे अडले, पाने गर्द झाली. पुढच्या खेपेला जाळ्या उघडल्या, तेव्हा मुकादमांच्या अळ्या मावशींच्या अळ्यांइतक्याच सडपातळ निघाल्या.

मावशी पुढे झाल्या. "आणा बघू हात," त्या म्हणाल्या. "हुंगू द्या."

मुकादमांनी निमूटपणे दोन्ही हात पुढे केले.

मग बाईंनी सगळ्यांना निरोप्याची हकिगत सांगितली : नुसत्या स्पर्शानेही, तो रोज होत राहिला तर, रोपात जास्मोनिक आम्लाची हाक उठते, रोप कडू होते आणि खुजे राहते. विष कुणी घातले नव्हते. आमचे आम्हीच तयार केले होते. साहेबांकडे तसे कळवले गेले, मावशींवरचा आळ गेला. दुसऱ्या दिवशी मुकादमांनी जप्त केलेले फडके घडी घालून आणून दिले. "धुतलंय," ते खाली पाहत म्हणाले. "साबण नाही लावला." त्यांची क्षमा मागायची पद्धत तेवढीच होती, आणि मावशींनी ती पदरात घेतली.

पण मावशींना आनंद झाला नाही. त्या माझ्यासमोर उपड्या क्रेटवर बसून राहिल्या.

"म्हणजे बाई, इतकी वर्षं मी त्यांना अळीसारखी वाटत होते?"

बाईंना खोटे बोलता येत नाही. "थोडीशी," त्या म्हणाल्या. "पण मावशी, त्यामुळेच ती अळ्यांपासून वाचलीसुद्धा."

"वाचली. खुजी राहून." मावशींनी पदराचे टोक बोटाला गुंडाळले. "माया करणाऱ्यानं आधी विचारायला हवं, तुला कशी हवी म्हणून. मी विचारलंच नाही."

"त्यांनी सांगितलं असतं का?"

"सांगतच होती की. खुजी होऊन."

त्या दिवसापासून मावशी दोन्ही हात पाठीमागे बांधून गाऊ लागल्या. पाणी मुळाशी, गाणे वाऱ्यावर. हंगाम संपला, सगळे वेल उपटले गेले. मावशींनी मला एकट्याला मागून घेतले आणि या कुंडीत लावले. शेंडे खुडायचे, दोरी बदलायची, एवढ्यापुरता हात लागे. बाकी कधी नाही.

परवा त्यांचा इथला शेवटचा दिवस होता. गुडघे साथ देत नाहीत, म्हणून आता बहिणीच्या घरीच राहणार. सगळ्यांचा निरोप घेऊन झाल्यावर त्या माझ्यापाशी आल्या. हात पाठीमागेच होते. एक गाणे पूर्ण म्हटले. मग एक हात सुटला, पुढे आला, थबकला. "एकदाच," त्या म्हणाल्या, आणि एका बोटाने माझ्या एका पानाला स्पर्श केला.

मित्रांनो, मला सांगता आले असते तर मी निरोप्याला म्हटले असते, आज नको, ही आपली मावशी आहे. पण ज्याने मला घडवले, त्याने मला एकच भाषा दिली. हाक उठली, बारीकशी, आणि ते पान किंचित कडू झाले. त्यांच्यासाठी माझ्याकडे दुसरा शब्दच नव्हता.

ते पान अजून माझ्या अंगावर आहे. तुमच्यापैकी कुणीतरी मघाशी चिमटा काढलात, तो त्याच्याच शेजारच्या पानाला. काढलात, काही बिघडले नाही; संशय घेणे माझे काम, ते मी करतो आहे. पण जाताना या ओळींमधून जाल, तेव्हा हात पाठीमागे बांधून चाला. आणि एखादे गाणे येत असेल, तर म्हणा. दारापाशी सकाळी फार शांत वाटते आता.